माणसाला सर्वात जास्त धोका कुठल्या प्राण्यापासून? ('माणूस' हे उत्तर चालणार नाही)

उंटावरचा शहाणा
घरातला वाद घरात मिटेना, म्हणून इथे आणलाय. प्रश्न साधा आहे. माणसाच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका कुठल्या प्राण्यापासून?

आमच्यात एक जण म्हणाला वाघ-सिंह, दुसरी म्हणाली साप, मी म्हटलं डास. बरंच भांडून झाल्यावर कळलं की तिघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतो. वर्षभरात जगात किती माणसं दगावतात, हा एक हिशोब. समोरासमोर गाठ पडली तर आपण वाचण्याची शक्यता किती, हा दुसरा. आणि एका दंशात किंवा एका फटक्यात ताकद किती, हा तिसरा. वाहिन्यांवरच्या 'टॉप टेन' याद्यांमध्ये या तिन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे शार्क आणि डास मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात.

तुम्ही कुठला हिशोब धरता आणि का? अनुभव असतील तर जरूर लिहा. अट एकच, 'माणूस' हे उत्तर नको. ते सगळ्यांना पाठ आहे.

खडूस
माणूस.

उंटावरचा शहाणा
@खडूस, धागा उघडल्याबद्दल आभार. वाचलात तर आणखी आभार मानीन.

चष्मिष्ट
वाद आकड्यांवर घालायचा तर आधी आकडे मांडते.

डास: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये एकट्या मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात, आणि तिथल्या मृतांमध्ये चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं. डेंगी, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर यात धरलेलेच नाहीत.
साप: वर्षाला ८१ हजार ते १ लाख ३८ हजार.
कुत्रा: रेबीजमुळे सुमारे ५९ हजार.
मगर: १ हजाराच्या आसपास, तोही ढोबळ अंदाज.
शार्क: माणसाने डिवचलेलं नसताना झालेले जीवघेणे हल्ले जगभरात मिळून वर्षाला सरासरी पाच-सहा.

पहिल्या हिशोबाने डासाच्या जवळपासही कोणी नाही. धागा संपला म्हणायला हरकत नाही.

निशाचर
एवढ्यात नाही संपत. डास कुठे मारतो? मारतो तो मलेरियाचा परजीवी. डास बिचारा पोस्टमन. त्यातही फक्त मादी, तीही अंडी घालायला रक्त लागतं म्हणून चावते. पत्रात वाईट बातमी आली म्हणून कोणी पोस्टमनवर खुनाचा खटला भरत नाही. कुत्र्याचंही तेच, मारतो तो विषाणू. स्वतःच्या अंगच्या हत्याराने माणूस मारणारा यादीतला पहिला प्राणी साप आहे. माझं मत सापाला.

काजवा
निशाचर, युक्तिवाद छान आहे पण टिकत नाही. रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी सापडला, तेव्हापासून मलेरियाशी लढाईचा मोठा भाग डासाशीच चालू आहे. मच्छरदाणी, फवारणी, साचलेलं पाणी काढणं हे सगळं वाहकाला अडवण्यासाठी. मधली कडी तोडली की परजीवी जागच्या जागी बसतो.

आणि तुमच्या न्यायाने प्लेगचं काय करणार? येर्सिन या शास्त्रज्ञाला १८९४ मध्ये हाँगकाँगला जिवाणू सापडला. पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं की उंदराकडून माणसाकडे तो पिसवेमार्फत येतो. मग चौदाव्या शतकात युरोपचा मोठा भाग कोणी मारला? जिवाणूने, पिसवेने की उंदराने? सहआरोपी हा प्रकार असतो ना राव.

निशाचर
सहआरोपी मान्य. शिक्षा मात्र कमी हवी. :)

पांढरा कोट
सापांवर लिहायलाच हवं, कारण तातडीच्या विभागात काम करताना हे रुग्ण नेहमीचे असतात.

'सगळ्यात विषारी साप' अशा याद्यांमध्ये पहिला असतो तो ऑस्ट्रेलियातला इनलँड तैपान. प्रयोगशाळेत उंदरांवर त्याचं विष सर्वात जहाल ठरतं. पण तो राहतो ओसाड भागात, बुजरा आहे, आणि माणसांशी त्याची गाठ फारशी पडतच नाही. उलट घोणस अशा यादीत बरीच खाली असते, पण ती शेतात, उंदरांच्या मागे, म्हणजे आपल्या पायाखाली असते. भारतात सापामुळे होणारे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या नावावर आहेत. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यास आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार.

चौघांतली मला सर्वात जास्त धास्ती मण्यारीची. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही कधी कधी दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि घरचे त्याला अपचनाचं औषध देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. अशा वेळी व्हेंटिलेटर मिळाला तर काही दिवसांनी हाच माणूस चालत घरी जाऊ शकतो. न मिळाला तर तासांचा प्रश्न असतो. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याची मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असणं फार महत्त्वाचं. डास आणि मण्यार दोघांनाही तीच अडवते.

घोणशीचं विष वेगळं. रक्त गोठायचं थांबतं, मूत्रपिंडं निकामी होतात. त्यासाठी आमच्याकडे एक साधी पण भरवशाची चाचणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिलं तर विष भिनलंय.

काय करू नये: घट्ट आवळपट्टी नको, चिरा देऊ नये, तोंडाने विष चोखू नये, बर्फ लावू नये. अंगठी-बांगड्या आधी काढा (सुजेखाली अडकतात), हात किंवा पाय फळीला बांधतात तसा स्थिर ठेवा आणि निघा. मी पाहिलेल्या मृत्यूंमध्ये विषापेक्षा उशिराचा वाटा मोठा होता. झाडपाला, मंत्र, 'थोडं थांबून बघू' यात तास जातात.

अवखळ
बाप रे. मग चावलेला साप मारून सोबत न्यायचा असं ऐकलं होतं ते?

पांढरा कोट
अजिबात नाही. साप पकडायला गेलेला दुसरा माणूसही चावून घेऊन येतो. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्या. भारतात मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर एकत्रच चालतं, आणि उपचार आम्ही लक्षणं पाहून ठरवतो.

चष्मिष्ट
उत्तम प्रतिसाद. थोडी भर: जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां'च्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. मृत्यूंच्या साधारण तिप्पट लोक हात-पाय गमावतात किंवा कायमचे अधू होतात. माझ्या आकड्यांत ते कुठेच दिसत नाहीत.

आडवाटेचा वाटसरू
सगळे पहिल्याच हिशोबात अडकलेत. मी दुसऱ्याबद्दल बोलतो, म्हणजे गाठ पडली तर काय. जंगलात गणना, पाणवठे वगैरे कामं बरीच वर्षं केली आहेत.

वाघाची भीती मला सर्वात कमी वाटते. त्याला आपली चाहूल आधी लागते आणि तो बाजूला होतो. भीती अस्वलाची. खाण्यात गुंग असलं की त्याला आपण आल्याचं कळत नाही. अगदी जवळ गेल्यावर दचकतं आणि दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं, तेही तोंडावर आणि डोक्यावर. अशा हल्ल्यातून वाचलेल्यांचे चेहरे पाहिलेत, म्हणून झुडपात शिरण्याआधी मी मोठ्याने बोलत जातो. सोबतचे लोक हसतात, हसू देत.

दुसरा हत्ती. एवढं मोठं जनावर दहा पावलांवर झाडीत उभं असतं आणि दिसत नाही, हे सांगून खरं वाटत नाही. एकटा नर किंवा पिल्लू असलेली मादी असेल तर अंतर हाच एक उपाय. धावून आपण त्याला हरवत नाही. भारतात हत्तींमुळे वर्षाला सुमारे ५०० माणसं जातात, श्रीलंकेसारख्या छोट्या देशात १०० च्या वर. वाघांचा आकडा याच्या कितीतरी खाली आहे.

नरभक्षकांच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, पण त्यामागे बहुतेकदा जखमी जनावर असतं. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगतात. शिकारी जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीमुळे. १८९८ मध्ये केनियातल्या त्सावोला रेल्वेच्या पुलावरच्या मजुरांना (त्यात बरेच भारतीय होते) खाणाऱ्या दोन सिंहांपैकी एकाच्या सुळ्याच्या मुळाशी गळू झालेलं होतं. त्यांना मारणाऱ्या पॅटरसन या इंजिनिअरने नंतर १३५ बळी सांगितले. २००९ मध्ये त्या सिंहांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा अंदाज ३५ च्या आसपास आला.

खडूस
अस्वलासमोर मेल्याचं सोंग घ्यायचं ना?

आडवाटेचा वाटसरू
लांब असेल तर हळूहळू मागे सरका, पाठ फिरवून पळू नका. अंगावर आलंच तर पालथं पडून हातांनी मान आणि चेहरा झाकायचा. सोंग म्हणा हवं तर, जीव मात्र खरा वाचतो.

तळ्यात मळ्यात
शार्कची बदनामी थांबवा. शार्क वर्षाला पाच-सहा माणसं मारतात आणि माणसं वर्षाला १० कोटींच्या घरात शार्क मारतात. समुद्रात खरं भ्यायचं तर उत्तर ऑस्ट्रेलियाकडच्या बॉक्स जेलीफिशला. पारदर्शक असते, दिसत नाही, आणि भरपूर धागे अंगाला चिकटले तर काही मिनिटांत हृदय थांबू शकतं. तिथल्या किनाऱ्यांवर यासाठीच व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. शंखांची आवड असणाऱ्यांनी कोन शंख जिवंत असताना हातात घेऊ नये, त्याला विषारी भाला असतो.

निशाचर
शार्कच्या वकिलांना एक शंका. पाच-सहा मृत्यू हे आपण शार्क असलेल्या पाण्यात जवळजवळ कधीच नसतो म्हणून आहेत. डासांबरोबर आपण रोज रात्र काढतो. मोजायचं तर सहवासाच्या तासांमागे मोजा. एका तासासाठी भुकेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीसोबत राहायचं की डासासोबत, असं विचारलं तर 'डास सर्वात धोकादायक' म्हणणारे सगळे डासाच्याच खोलीत जातील.

चष्मिष्ट
मुद्दा बरोबर. पण मग गाठ पडण्याची शक्यता हिशोबातून काढून टाकायची का? धोका म्हणजे दोन्हींचा गुणाकार.

शून्यवादी
गोगलगायीचं नाव कोणीच घेतलं नाही याची गंमत वाटली. गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायींच्या अंगात शिस्टोसोमा नावाचा कृमी वाढतो. त्याच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात. पाणी प्यावंही लागत नाही, नुसते पाय बुडाले तरी पुरे. नाईलचा काठ, मलावी सरोवर, असे प्रदेश. प्राझिक्वान्टेल हे औषध लागू पडतं.

आता मृत्यूंचे आकडे बघा. कुठे वर्षाला १२ हजार, कुठे २ लाख. एवढ्या फरकाचे आकडे घेऊन आपण कोण तिसरा, कोण पाचवा ठरवतोय. हिप्पोचंही तसंच. 'वर्षाला ५००' हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, पण नदीकाठच्या खेड्यांतून ते मृत्यू मोजत कोण होतं हे कोणी सांगत नाही. हिप्पो गरीब आहे असं म्हणत नाही हां. होडी उलटवतो, आणि पाण्याकडे जायची त्याची वाट अडवली तर चिरडतो.

काजवा
कुत्र्यांबद्दल एक विलक्षण साखळी सांगते. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने संपली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर उघड्यावरची मढी कुत्र्यांना आणि उंदरांना मिळू लागली, पाण्यात सडू लागली, आणि त्यातून रेबीज आणि रोगराई वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली. एक पक्षी *नसणं* इतकं धोकादायक. हे तुमच्या तीन हिशोबांपैकी कशात बसवणार?

निशाचर
आणि या ५ लाखांचा आरोपी कोण धरायचा? कुत्रा, जिवाणू की औषध?

खडूस
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

अवखळ
=)) =)) खडूसकाका जिंकले.

रानमांजर
कुत्र्यांना उगाच राक्षस ठरवू नका. चावणारं कुत्रं बहुतेक वेळा घाबरलेलं असतं.

झणझणीत
घाबरलेल्या कुत्र्याने चावलं की रेबीज होत नाही का? रात्री उशिरा कामावरून परत येताना टोळी मागे लागली की मग लिहा.

रानमांजर
लस द्या ना त्यांना, कोण नको म्हणतंय?

उंटावरचा शहाणा
मंडळी, भटक्या कुत्र्यांवर आधीच भरपूर धागे आहेत आणि सगळे शंभरी गाठून बंद पडलेत. इथे नको, विनंती.

मोरपंखी
दोन पैसे माझे. पाळीव जनावरांना कोणीच मोजत नाही. ब्रिटनमध्ये गुरांमुळे वर्षाला सरासरी चार-पाच माणसं मरतात, म्हणजे जगभरातल्या शार्कइतकी. नुकती व्यालेली गाय वासरामध्ये आणि आपल्यामध्ये काही आलेलं सहन करत नाही. मला एकदा अशाच एका गाईने भिंतीशी दाबलं होतं. शिंग लागलं नाही, नुसत्या वजनाने बरगडी मोडली. नेहमीची, हात चाटणारी गाय.

शिवाय मधमाश्या आणि गांधीलमाश्या. बहुतेकदा विषाने नव्हे, ॲलर्जीने माणूस जातो, आणि काही मिनिटांत जातो. ज्यांना आधी मोठी प्रतिक्रिया आलेली आहे त्यांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं. आणि अमेरिकेत हरणं! गाडीसमोर येऊन होणाऱ्या अपघातांत माणसं मारण्यात ती शार्कच्या कितीतरी पुढे आहेत.

खडूस
हरीण. आता शांतपणे झोपा.

चष्मिष्ट
खडूस यांच्या उत्तराचाही हिशोब करून टाकते, अट मोडून. २०१९ ते २०२१ मध्ये जगात वर्षाला सरासरी ४ लाख ४० हजार खून झाले. युद्धं त्यात नाहीत. म्हणजे नुसते खून धरले तर माणूस मलेरियाच्या डासामागेच राहतो.

खडूस
युद्धं धरा, रस्ते धरा, मग बोलू.

उंटावरचा शहाणा
पुन्हा मूळ प्रश्नाकडे, पण जरा फिरवून विचारतो. यातला एकच धोका पुढच्या दहा वर्षांत संपवता येणार असेल, तर तुम्ही कुठला निवडाल?

पांढरा कोट
कुत्र्यामुळे होणारा रेबीज, डोळे मिटून. पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला लस दिली ती ६ जुलै १८८५ ला. लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही, पण त्याआधी उपचार वेळेत आणि पूर्ण घेतले तर जवळजवळ कोणी मरत नाही. चावल्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा दोन-तीन महिने हातात असतात. हातात इतका वेळ देणारा दुसरा जीवघेणा आजार मला आठवत नाही. कुठल्याही भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर साखळी तुटते. मेक्सिकोने करून दाखवलं, २०१९ मध्ये आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्र दिलं.

रानमांजर
हेच तर म्हणत होते.

झणझणीत
यावर सहमत. (नोंद घ्यावी.)

काजवा
मी डासच निवडेन. श्रीलंका २०१६ मध्ये, चीन २०२१ मध्ये आणि इजिप्त २०२४ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले. मुलांसाठी दोन लसी आल्या आहेत. आणि डेंगीत तर वेगळाच प्रकार आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले डास मुद्दाम सोडायचे, त्यांच्या अंगात डेंगीचा विषाणू नीट वाढतच नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. निशाचर, तुमच्या पोस्टमनला काढून न टाकता त्याची पिशवीच रिकामी केली.

निशाचर
हे आवडलं. माझी शिफारस मात्र सापाचीच, कारण साप संपवायचा नाहीये, दवाखाना जवळ आणायचाय. आणि प्रतिविष त्या त्या प्रदेशातल्या सापांच्या विषापासून केलेलं हवं. एकाच जातीच्या सापाचं विष जागेनुसार बदलतं, असं वाचलंय. बरोबर ना डॉक्टर?

पांढरा कोट
बरोबर. म्हणूनच एका भागात थोड्या कुप्यांत भागतं आणि दुसरीकडे तेच प्रतिविष कमी पडतं.

अवखळ
डॉक्टर, थोडं अवांतर. आज सकाळी एका भटक्या मांजराने हाताला ओरबाडलंय, थोडं रक्त आलं. मागच्या वर्षी कुत्रा चावल्यावर लसीचा पूर्ण कोर्स झाला होता. आता परत सगळं करावं लागतं का? मांजराने रेबीज होतो का मुळात?

पांढरा कोट
मांजरामुळेही होतो. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. आधीचा कोर्स पूर्ण झालेला असेल तर सहसा दोनच डोस लागतात, आज एक आणि आजपासून तीन दिवसांनी दुसरा. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. मागच्या वर्षीचा कागद सोबत न्या. तो सापडला नाही तर तिथले डॉक्टर बहुधा पहिल्यापासून सुरू करतील आणि ते योग्यच आहे. धनुर्वाताचंही विचारून घ्या.

अवखळ
कागद शोधते. संध्याकाळी गेलं तर चालेल ना?

पांढरा कोट
आत्ता धुवा, आत्ताच जा. धागा इथेच आहे.